भेरी किती पावलं चालते

पतंजलीच्या महाभाष्यात एक भेरी वाजते. पाणिनीच्या पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादातल्या सत्तराव्या सूत्रावर चर्चा चालू असते आणि मुद्दा अगदी व्याकरणाचा असतो. एक माणूस भराभर बोलतो, दुसरा रेंगाळत बोलतो. मग पहिल्याच्या तोंडचा 'अ' आणि दुसऱ्याच्या तोंडचा 'अ' हे दोन निराळे वर्ण मानायचे का? मानले, तर ऱ्हस्व-दीर्घाची सगळी घडीच विस्कटते. प्रत्येक बोलणाऱ्यागणिक नवी बाराखडी काढावी लागेल. पतंजली म्हणतो, मानायचे नाहीत. आणि दाखला देतो भेरीचा. एका टोल्याचा नाद वीस पावलं जातो, दुसऱ्याचा तीस, तिसऱ्याचा चाळीस. टोला आपला तेवढाच असतो. वाढतो तो ध्वनी.

मी मिरजेत एका हायस्कुलात संस्कृत शिकवलं आणि संध्याकाळी घरी तबल्याचा क्लास घेतला. त्यामुळे वासुदेवशास्त्री अभ्यंकरांच्या मराठी भाषांतरात हा उतारा पहिल्यांदा वाचला तेव्हा व्याकरण बाजूला पडलं आणि मी थेट डाव्या हाताच्या बायांकडे, म्हणजे डग्ग्याकडे पाहिलं. टोला तेवढाच? आमच्या धंद्यात हे इतक्या सहज कुणी कबूल करणार नाही. बायांवर 'घे' वाजवला की मनगट किंचित पुढे सरकतं, आस, म्हणजे टोल्यामागून घुमत राहणारा नाद, वर चढते, आणि ती आस कापून टाकली तर उरतं ते चामड्यावर बोट आपटल्याचा आवाज. तेव्हा आस हा टोल्याचाच भाग, की टोल्यानंतर घडणारी वेगळी गोष्ट? शाळेत हा प्रश्न परीक्षेला येत नव्हता, क्लासात पोरांना तबल्याचे कायदे पाठ करायचे असत. त्यामुळे तो तसाच राहून गेला.

त्याचं उत्तर शोधायला मला भाग पाडलं ते गोल्डी नावाच्या माणसाने. तोंडात सोन्याचे दात, बापाकडून जमैकन, आईकडून स्कॉटिश, जन्म १९६५चा, इंग्लंडातल्या वॉल्सॉलचा. पाळण्यातलं नाव क्लिफर्ड जोसेफ प्राइस. माझा भाचा नोकरीनिमित्त वुल्व्हरहॅम्प्टनला असतो आणि तिथे हा माणूस म्हणजे गावचा पोरगा. आईने लहानपणीच सोडलेलं, बालपण अनाथाश्रमांत आणि पालक कुटुंबांत गेलेलं, ऐन तारुण्यात भिंतींवर स्प्रेने चित्रं काढण्यात नाव कमावलेलं. मग काही काळ अमेरिकेत. तिथे दातांवर बसवायच्या सोन्याच्या पट्ट्या बनवून विकल्या. लंडनला परतल्यावर केमिस्ट्री आणि स्टॉर्म या दोन डीजे मैत्रिणींनी त्याला 'रेज' नावाच्या क्लब-रात्रीला नेलं, जिथे फेबिओ आणि ग्रूव्हरायडर तबकड्या वाजवायचे. तिथून पुढे तो ड्रम अँड बेस नावाच्या संगीताचा झाला. १९९४ साली या दोघींबरोबर त्याने 'मेटलहेड्झ' हे लेबल काढलं. त्यातली केमिस्ट्री १९९९ साली महामार्गावर गेली: पुढच्या गाडीच्या चाकाने रस्त्यात बसवलेला परावर्तक उखडला आणि तो काच फोडून आत आला. असल्या मरणाला कुठलं शास्त्र लावायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. कर्मविपाक सांगणाऱ्यांनी इथे जरा गप्प बसावं.

भाच्याने सुट्टीवर आला असताना मला गोल्डीचा १९९२ सालचा 'टर्मिनेटर' ऐकवला. पहिल्यांदा ऐकताना मला तो नुसता गोंगाट वाटला. दुसऱ्यांदा मी ताल धरला आणि एका जागी हात थबकला. ड्रमचा ठेका चालू असतो, आणि चालता चालता त्याचा स्वर वर चढायला लागतो, गती मात्र जागची हलत नाही. तबलजीच्या कानाला हे भुताटकीसारखं आहे. तबकडी जोरात फिरवली की स्वर चढतो आणि गतीही वाढते, हे माझ्या पिढीने ४५ची तबकडी ७८वर लावून केलेल्या चेष्टेतून शिकलेलं आहे. स्वर आणि गती यांची गाठ निसर्गाने मारलेली, असं आम्ही धरून चाललो होतो. 'टर्मिनेटर'मध्ये ती गाठ भर बाजारात सोडलेली आहे.

ती सुटते कशी, हे भाच्याने लॅपटॉपवर दाखवलं. यंत्र ध्वनीचे अगदी बारीक तुकडे करतं, डोळ्याची पापणी लवायच्या आत असे कितीतरी निघतील इतके बारीक. लांबवायचं असेल तर एकेक तुकडा पुन्हा पुन्हा वाजवतं आणि सांधे एकमेकांत मिसळून टाकतं. आखडायचं असेल तर मधले गाळतं. सांधा कळला नाही की कानाला अखंड वाटतं. मी त्याला म्हटलं, "अरे, हे यंत्र पक्कं बौद्ध आहे." क्षणिकवादी हेच तर सांगतात: टिकून राहणारी वस्तू म्हणून काही नसतं, एकासारखा एक असे क्षण ओळीने येतात आणि आपण त्या ओळीलाच वस्तू म्हणतो. दिव्याची ज्योत रात्रभर तीच वाटते, पण दर क्षणी ती नवी असते. आणि गंमत अशी की यंत्राला जास्त ताणलं तर सांधे ऐकू येतात. त्या काळच्या अकाई सँपलरवर ताणलेल्या आवाजात एक किरकिरी, पत्र्यासारखी खरखर यायची; नव्वदच्या दशकातल्या या मंडळींनी ती लपवली नाही, उलट मुद्दाम वापरली. म्हणजे क्षण एकमेकांवर घासल्याचा आवाज त्यांनी संगीतात घेतला. नैयायिकांनी एवढ्या शतकांत बौद्धांवर केलेला कुठलाही आक्षेप इतका कानात घुसणारा नसेल.

मग भाच्याने माझा 'धा' घेतला. साधा धा: दायांवर किनारीचा 'ना', बायांवर 'घे', दोन्ही एकदम. फोनवरच ध्वनिमुद्रित केला आणि आठ पट लांबवला. मी कान लावून बसलो होतो, कारण पतंजली खरा की तबलजी खरा याचा निकाल आता लागणार होता. बायांची आस छान पसरली. एक जाडसर हुंकार झाला, ऐकायलाही वाईट नव्हता. पण सुरुवातीला किनारीवर बोट पडतं त्याची जी टोकदार टक्, ती वितळून गेली. तिच्या जागी आलं एक फरफटणं, कुणी खडबडीत फरशीवरून खुर्ची ओढावी तसं. आस लांबली, टोला मात्र लांबवताच मेला. तो धा नव्हता, कुठलाच बोल नव्हता.

भाचा हसून म्हणाला, "मामा, म्हणून तर ड्रम कुणी असे ताणत नाहीत." आणि त्याने खरी पद्धत दाखवली. ठेक्याची पट्टी पडद्यावर उघडायची, जिथे जिथे टोला आहे तिथे बरोबर टोल्याच्या तोंडाशी कापायची, आणि सुटे झालेले टोले हवे तसे मांडायचे. जवळ आणले की द्रुत, लांब ठेवले की विलंबित. टोल्याला हात लावायचा नाही. फक्त मधलं अंतर आपलं.

हे तर आम्ही रोज करतो. अमीर खाँसाहेबांच्या अतिविलंबित झुमऱ्यात 'धिं' लांब नसतो. धिं होऊन जातो, आणि पुढची मात्रा येईपर्यंत तबलजी थांबतो, किंवा भरणा भरतो. नवख्या मुलांना विलंबित धरता येत नाही ते एवढ्यासाठीच: त्यांना वाटतं बोल ओढायचा आहे. ओढता येत नाही. मुंबईची लोकल गाठायच्या घाईतला ठेका असो की झुमरा, 'ना' हा 'ना'च असतो, त्याच्या अंगी कालावधी नावाची चीजच नाही. पतंजलीचं म्हणणं मला त्या दिवशी लॅपटॉपसमोर पटलं, आणि तेही वरवर वाचताना वाटतं त्याहून कडक अर्थाने. पुढे भर्तृहरीने ध्वनीचे प्राकृत आणि वैकृत असे दोन थर केले: एक वर्ण कळवणारा, दुसरा तो कळल्यावर कमी-जास्त वेळ घुमत राहणारा. द्रुत-विलंबित हा भेद दुसऱ्या थरातला. आमची आस तिथे जाते. तबलजीला हे कडू लागेल, पण आस गेली तरी बोल ओळखू येतो, आणि टोल्याचं तोंड गेलं की ओळखू येत नाही. हा पुरावा माझ्याच धा-ने दिलेला आहे.

ड्रम अँड बेसचा सगळा डोलारा या एका सत्यावर उभा आहे असं माझं मत झालं आहे. त्यातले ड्रम मिनिटाला १७० ठोक्यांच्या आसपास धावतात. त्याखाली बेस असतो तो त्याच्या निम्म्याने, जणू जागच्या जागी डुलतो. भाचा सांगतो की नाचणारे बहुतेक लोक बेसवर नाचतात, ड्रमवर नाचायला गेलं तर गुडघे राहायचे नाहीत. वैशेषिकांच्या कणादांनी काळ ओळखायच्या खुणा दिल्या आहेत: अलीकडचं, एकाच वेळचं, सावकाश, चटकन. या संगीतात सावकाश आणि चटकन एकाच वेळी ऐकू येतात, म्हणजे तीन खुणा एका जागी गोळा झाल्या. तरी काळ दोन झाले असं कुणालाच वाटत नाही. कारण वैशेषिकांच्या मते काळ एकच आणि अखंड. भराभर किंवा हळू चालतात त्या त्यात घडणाऱ्या क्रिया. आमच्या एकल तबलावादनात हे रोज घडतं. पेटीवर लेहरा संथ फिरत असतो, तबला त्याच्या चौपटीत रेला ओततो, आणि समेवर दोघे एका ठिकाणी भेटतात. फरक एवढाच की आम्ही समेला हात वर करून दाद देतो आणि तिकडे शिट्ट्या वाजवतात.

हा दुवा मी ओढूनताणून जोडत नाही. पूर्व लंडनच्या हॉक्स्टन स्क्वेअरमध्ये 'ब्लू नोट' नावाचा क्लब होता. तिथे दर रविवारी मेटलहेड्झची रात्र असे आणि सोमवारी तलविन सिंगची 'अनोखा'. तलविन पंजाबात पंडित लछमनसिंगांकडे तबला शिकलेला लंडनचा मुलगा. त्याने तबल्याला पिकअप लावून तो याच संगीतात उतरवला, आणि त्याच्या 'ओके' या अल्बमला १९९९चं मर्क्युरी पारितोषिक मिळालं. लोक तलविनला 'फ्युजन' म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. मुळात जिथे नातं आहे, तिथे जोडणी कसली?

गोल्डीचं मोठं काम १९९५चं, 'टाइमलेस'. त्यातला त्याच नावाचा ट्रॅक एकवीस मिनिटांचा आहे. 'इनर सिटी लाइफ' हा त्याचाच एक तुकडा. डायन शार्लमेन या गायिकेचा आवाज वर तरंगतो, तंतुवाद्यांसारखे लांब सूर पसरतात, आणि खाली ड्रमचे तुकडे होऊन पडत असतात. नाचायच्या संगीतात इतका मोठा ट्रॅक करायचा म्हणजे धाडसच, आणि अल्बम ब्रिटनच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेला. तीन वर्षांनी त्याने 'मदर' केला: तासाभराचा, सोडून गेलेल्या आईवरचा, ऑर्केस्ट्रासकट. समीक्षकांनी झोडपलं. मी तो पुरा ऐकला. दुःख खरं आहे, यात शंका नाही; पण चाळिसाव्या पावलापर्यंत ध्वनी जातो आणि टोला कुठे बसला ते सापडत नाही. आधी भोगलेलं मोठं असलं की मांडलेलंही मोठं होतं असं नाही, हे आपल्याकडच्या काही आत्मचरित्रकारांनाही सांगण्यासारखं आहे.

आता एक अडचण. गोल्डी यंत्राला फारसा हातच लावत नाही. त्याला नोटेशन वाचता येत नाही. तो कागदावर आकृत्या काढतो, तोंडाने आवाज काढून दाखवतो, हातवारे करतो, आणि शेजारी बसलेला जाणकार ते यंत्रात उतरवतो. 'टाइमलेस'च्या वेळी हे काम रॉब प्लेफर्डने केलं. २००९ साली बीबीसी प्रॉम्ससाठी गोल्डीने ऑर्केस्ट्रासाठी रचना केली, तीही अशीच, चित्रं काढून. मग कर्ता कोण? भाच्याच्या मित्रांत यावर भांडणं होतात म्हणे. पाणिनीला यात भांडण्यासारखं काही दिसलं नसतं. त्याच्या हिशेबी क्रियेत जो स्वतंत्र, तो कर्ता. आणि त्या कर्त्याला कामाला लावणारा, तोही कर्ताच, त्याला हेतू असं आणखी एक नाव. प्लेफर्ड कर्ता आणि गोल्डीही कर्ता. सिनेमाच्या दिग्दर्शकाकडे कुणी 'कॅमेरा चालवून दाखव' म्हणून मागणी करत नाही.

पण कर्त्यांची ही यादी दोघांवर संपत नाही, आणि इथे माझं मन गोल्डीपाशी थांबायला तयार होत नाही. हे टोले मुळात मारले कोणी? या संगीताचं घर ज्या चार-पाच ठेक्यांवर बांधलं गेलं, त्यातला सगळ्यात गाजलेला १९६९चा आहे. वॉशिंग्टनच्या 'द विन्स्टन्स' या बँडची 'अमेन, ब्रदर' ही तबकडीची मागची बाजू, म्हणजे जी कुणी मुद्दाम विकत घेत नाही ती. मधे सगळे वाद्यं थांबवतात आणि ग्रेगरी कोलमन एकटा चार आवर्तनं ड्रम वाजवतो. सहा-सात सेकंद. मूळ गती मिनिटाला १३६च्या आसपास. पुढे हे सहा-सात सेकंद कापले, पळवले, उलटसुलट लावले गेले, आणि हजारो तबकड्यांत वाजले. कोलमन २००६ साली अटलांटात गेला, बेघर आणि कफल्लक अवस्थेत. त्याला या कशाचाच एक पैसा मिळाला नाही.

बौद्धांवर नैयायिक एक दोष ठेवतात. तुमच्या मते दर क्षणी सगळं नवं, तर ज्याने कर्म केलं त्याला फळ मिळणार नाही, आणि ज्याने केलं नाही त्याच्या गळ्यात फळ पडेल. पहिल्याला कृतनाश म्हणतात, दुसऱ्याला अकृताभ्यागम. परीक्षेपुरते पाठ केलेले हे दोन शब्द मला कोलमनच्या गोष्टीत हाडामांसाचे होऊन भेटले. टोला त्याचा, दौलत दुसऱ्यांची. आणि कापाकापी करणाऱ्यांचं समर्थन ऐका: आम्ही त्याचे इतके तुकडे केले, इतकं बदललं, की ते आता त्याचं राहिलंच नाही.

मजा म्हणजे हेच समर्थन बौद्धांनीच खोडून ठेवलं आहे. मिलिंदपञ्हात राजा मिलिंद नागसेनाला पेचात पकडू पाहतो, आणि नागसेन आंब्याच्या चोराची गोष्ट सांगतो. चोर पकडला गेल्यावर म्हणतो, याने लावले ते आंबे वेगळे, मी नेले ते वेगळे, तेव्हा मी याचं काही नेलेलं नाही. राजालाच कबूल करावं लागतं की चोराला शिक्षा होणार, कारण नेलेले आंबे लावलेल्या आंब्यातूनच आलेले आहेत. म्हणजे क्षणिकवाद धरला तरी सुटका नाही. आणि पतंजली धरला तर मुळीच नाही, कारण मग अंतर कितीही बदला, टोला तोच. दोन एरवी न पटणारी दर्शनं इथे एकाच बाजूला साक्ष देतात.

भाचा म्हणाला, २०१५ साली तिकडच्या डीजेंनीच वर्गणी काढली, २४,००० पौंड जमले आणि ते बँडप्रमुख रिचर्ड स्पेन्सरला दिले. चांगलं केलं. पण टोला कोलमनचा होता आणि कोलमन जाऊन नऊ वर्षं झाली होती. शिवाय मागे जायचं ठरवलं तर 'अमेन, ब्रदर' हीच मुळात चर्चमधल्या जुन्या गीतावर बेतलेली. तिथे कोणाचे हात आहेत, देव जाणे.

आपण तरी धुतल्या तांदळासारखे आहोत का? तबल्यात चाल अशी की दुसऱ्याची गत वाजवायची तर आधी नाव सांगायचं, कानाला हात लावायचा. 'थिरकवा खाँसाहेबांची गत आहे' असं म्हटलं की श्रोतेही सावरून बसतात. ही चाल मला फार मोलाची वाटते, आणि गोल्डीच्या मंडळींनी ती सुरुवातीपासून पाळली असती तर कोलमनला निदान कळलं तरी असतं. पण नाव घेणं म्हणजे देणं फिटणं नव्हे. बिदागी वाजवणाऱ्याच्या खिशात जाते, कानाला हात लावलेल्या खाँसाहेबांच्या घरी नाही. आणि ज्या कायद्यांचे कर्ते कुणालाच ठाऊक नाहीत, ते आम्ही सरळ 'पारंपरिक' म्हणून मोकळे होतो.

माझा धा भाच्याने अखेर एका ट्रॅकमध्ये घातला. ताणून नाही, कापून. ट्रॅक चढवायच्या अर्जात वादकाचा रकाना होता, तिथे त्याने माझं नाव टाकलं. मी म्हटलं, माझ्या गुरुजींचंही टाक, हा धा त्यांनी माझं मनगट धरून बसवलेला आहे. तो म्हणाला, "मामा, टाकतो. पण पैसे आले तर पाठवू कुठे?" गुरुजींचे नातू इस्लामपूरला औषधांचं दुकान चालवतात. पत्ता दिला आहे. अजून एकूण साडेअकरा रुपये जमले आहेत, आणि भाचा म्हणतो शंभर झाल्याशिवाय कंपनी काढूच देत नाही.